ससा हातात आहे, पण पारधी कोण?

भाड्याच्या घराचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘बारा वर्षं राहिला की भाडेकरू मालक होतो.’ मागोमाग कुणीतरी ती इंग्रजी म्हण पुढे करतं, ताबा म्हणजे कायद्याचे नऊ दशांश, आणि चर्चेवर पडदा पडतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रतिकूल ताब्याबाबत, म्हणजे मालकाचा हक्क नाकारून उघडपणे बारा वर्षं धरलेल्या ताब्याबाबत, एक निकाल दिला, तेव्हापासून तर या वाक्याला न्यायालयाचा शिक्काच मिळाल्यासारखं झालंय. निकालात होतं ते इतकंच: प्रतिकूल ताब्याने ज्याचा हक्क आधीच पुरा झालाय त्याने तो फक्त बचावातच मांडायचा असं नाही, त्याला स्वतः दावाही लावता येतो. भाडेकरूंचा त्यात संबंधच नव्हता. तरी मेसेज फिरले, घरमालकांनी धसका घेतला, आणि दुसरीकडून मागणी आली की चोराला मालक करणारा हा नियमच मोडीत काढा. एक गट म्हणीवर विश्वास ठेवून घाबरतो, दुसरा त्याच म्हणीवर विश्वास ठेवून संतापतो. म्हण तपासायला कुणी तयार नाही.

माझं म्हणणं असं की ताबा दोनच गोष्टी ठरवतो: पुरावा कोणी द्यायचा, आणि निकाल लागेपर्यंत आत कोणी राहायचं. मालकी कुणाची हा प्रश्न त्यानंतर येतो आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा कागदच देतो. आपल्याकडे ‘निकाल लागेपर्यंत’ या दोन शब्दांत माणसाची उमेद सरते, म्हणून ताबेदार कायद्यापेक्षा मोठा वाटायला लागतो. दुखणं तारखांचं आहे आणि शस्त्रक्रिया मात्र बारा वर्षांच्या नियमावर करायला निघालोय. त्या शस्त्रक्रियेत ज्यांचा जीव जाईल ते जमीन लाटणारे गुंड नसतील.

मुळात म्हणीत दशांश नव्हतेच. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये लोक ‘नऊ मुद्दे’ म्हणत. कुणी अकरा म्हणे आणि वर पुस्ती जोडे की एकूण मुद्दे बाराच आहेत. दशांशाचा अपूर्णांक नंतर चिकटला, आणि मग कायद्याचं नव्वद टक्के वजन ताब्याच्या पारड्यात पडतं असा गणिती भास तयार झाला. खटला जिंकायला काय काय लागतं याची एक जुनी इंग्रजी यादी आहे, तीही नऊ कलमांची: भरपूर पैसा, भरपूर संयम, खरी बाजू, चांगला वकील, चांगला सल्लागार, चांगला साक्षीदार, चांगली ज्यूरी, चांगला न्यायाधीश आणि चांगलं नशीब. ती म्हणीशेजारी ठेवली की अर्थ स्वच्छ दिसतो. ज्याच्या हाती वस्तू आहे त्याला यातलं काहीच जमवावं लागत नाही, त्याने नुसतं बसून राहायचं. दावा लावणाऱ्याने नऊच्या नऊ गोळा करायच्या. म्हण न्यायाबद्दल बोलतच नाही, खटल्याच्या दगदगीबद्दल बोलते. आणि ‘खरी बाजू’ हे यादीतलं नऊपैकी फक्त एक कलम आहे, हा त्यातला चिमटा.

आपली म्हणही तीच गोष्ट सांगते: ज्याच्या हाती ससा तो पारधी. १८०५ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात नेमका असा खटला झाला, फक्त सशाऐवजी कोल्हा होता. एकाने शिकारी कुत्रे लावून कोल्ह्याचा माग काढला, दुसऱ्याने मध्येच येऊन तो मारला आणि उचलून नेला. न्यायालयाने दुसऱ्याच्या बाजूने कौल दिला: नुसत्या पाठलागाने मालकी येत नाही, जनावर हाती यावं लागतं. अमेरिकेत कायद्याचे विद्यार्थी मालमत्तेचा विषय आजही या खटल्यापासून शिकतात. पण त्या निकालात आणि आपल्या म्हणीत एक गोष्ट गृहीत आहे. ससा काय किंवा कोल्हा काय, रानातलं जनावर आधी कुणाचंच नसतं. कोथरूडमधला फ्लॅट किंवा लांज्यातली कलमांची बाग ही रानातली शिकार नव्हे. तिला आधीपासून मालक आहे, दस्त आहे, करपावती आहे. बेवारस वस्तूचा नियम मालक असलेल्या वस्तूला लावला की ‘बारा वर्षांत मालक’ असली वाक्यं जन्माला येतात.

मग मालक असलेल्या वस्तूच्या ताब्याला कायदा किंमत का देतो? जुन्या पुरावा कायद्याचं कलम ११० असं होतं, आणि ते १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात तसंच आलंय: ज्याच्या ताब्यात वस्तू आहे तो मालक नाही असं म्हणणाऱ्यानेच ते सिद्ध करायचं. घरात वापरत असलेल्या प्रत्येक भांड्याची पावती दाखवायची वेळ आली तर किती जण टिकतील? पुढचं पाऊल विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ चं. तुम्हाला कुणी कायद्याची वाट न धरता जागेतून हुसकलं, तर सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मिळतो, आणि त्या दाव्यात मालकीचा प्रश्न चर्चेलाच घेत नाहीत. समोरचा खरा मालक असला तरी नाही. त्याने आधी ताबा परत द्यायचा आणि मग मालकीचा वेगळा दावा लावायचा. या निकालावर अपीलही नाही. शेतीसाठी मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारापुढे जाता येतं, तिथेही मुदत सहा महिन्यांचीच. वहिवाटीच्या रस्त्यावर कुणी काटेरी फांद्या टाकल्या किंवा बांध कोरून पाट अडवला, तर हीच वाट.

हे वाचून अनेकांचा पारा चढतो: म्हणजे खऱ्या मालकालाच बाहेर काढणार? हो, तात्पुरतं. कारण मालकाला स्वतःच्या हाताने ताबा घेऊ दिला, तर उद्या प्रत्येक जण आपणच मालक आहोत असं सांगत चार पोरं आणि जेसीबी घेऊन येईल, आणि ज्याची पोरं जास्त त्याची जमीन होईल. रोमन प्रेटर, म्हणजे तिथला न्यायाधिकारी, ‘जसा ताबा आहे तसा राहो’ असा हुकूम काढत असे, फक्त तीन अटींवर: ताबा बळाने, लपूनछपून किंवा समोरच्याच्या परवानगीने घेतलेला नसावा. इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीने ११६६ च्या सुमारास नव्याने बेदखल झालेल्यांसाठी झटपट दाद मागायची सोय केली, तीही मालकीच्या वादात न शिरता. सरदारांच्या खासगी मारामाऱ्या थांबवायला त्याला याहून चांगला उपाय सुचला नव्हता, आणि नंतरच्या साडेआठशे वर्षांत कुणाला सुचलेलाही दिसत नाही. ताब्याचं संरक्षण म्हणजे लाठीवर घातलेला बांध आहे. तो काढला तर आधी बुडणार तो ज्याच्याकडे लाठी नाही तो.

ही सगळी इंग्रजांनी लादलेली कल्पना आहे असंही सांगितलं जातं. तसं नाही. याज्ञवल्क्यस्मृतीत पुराव्याची तीन साधनं सांगितलीत: लिखित, भुक्ती आणि साक्षी. भुक्ती म्हणजे भोगवटा. ‘पश्यतोऽब्रुवतो भूमेर्हानिर्विंशतिवार्षिकी’: दुसरा आपली जमीन भोगतोय हे डोळ्यांनी बघूनही जो गप्प बसतो, त्याची वीस वर्षांनी हानी होते. चीजवस्तूंना दहा वर्षं. पण लगेच अपवाद येतात: गहाण, शेताची शीव, ठेव, अज्ञान मुलाचं धन, राजाचं, स्त्रियांचं. म्हणजे ज्याला बोलता येत नाही किंवा ज्याने विश्वासाने दिलंय त्याचं जात नाही. विज्ञानेश्वराने या स्मृतीवरच्या मिताक्षरा टीकेत तर ‘हानी’चा अर्थच आवळला: जाते ती जमीन नाही, मधल्या काळातलं उत्पन्न जातं. याच प्रकरणात या सगळ्या वादाचा तोल साधणारं वचन आहे: ‘आगमोऽभ्यधिको भोगात्’, भोगापेक्षा हक्काचं मूळ वरचढ, परंपरेने चालत आलेला भोग सोडून. आणि पुढची ओळ, ‘आगमेऽपि बलं नैव भुक्तिः स्तोकापि यत्र नो’: जिथे थोडाही भोग नाही तिथे कागदालाही बळ नाही. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात यावर इतकी बारीक चर्चा झाली आणि आपण मात्र इंग्रजी अपूर्णांकावर अडून बसलोय. भोगवटा हा शब्द सातबाऱ्यावरही जिवंत आहे. भोगवटादार वर्ग १, वर्ग २ असं तिथे छापलेलं असतं.

आता तो बारा वर्षांचा नियम. मुदत अधिनियम, १९६३ च्या अनुच्छेद ६५ प्रमाणे मालकी हक्काने ताबा परत मागायचा दावा, समोरच्याचा ताबा प्रतिकूल झाल्यापासून बारा वर्षांत लावायचा. नाही लावला तर कलम २७ प्रमाणे हक्कच संपतो. सरकारी जमिनीला मुदत तीस वर्षं. सगळं अडतं ‘प्रतिकूल’ या शब्दापाशी. असा दावा करणाऱ्याला पाच गोष्टी सिद्ध कराव्या लागतात, सर्वोच्च न्यायालयाने त्या २००४ साली मांडून ठेवल्यात: ताबा कोणत्या तारखेला घेतला, कशा स्वरूपाचा होता, समोरच्याला ते माहीत होतं का, किती काळ चालला, आणि तो उघड व निर्वेध होता का. पहिल्याच पायरीवर बहुतेक दावे कोसळतात, कारण ‘वाडवडिलांपासून कसतोय’ ही तारीख होत नाही. दुसरी अडचण याहून गमतीची. प्रतिकूल ताबा सांगायचा तर आधी समोरचा खरा मालक होता हे कबूल करावं लागतं. ‘मी विकत घेतली, आणि नसेल घेतली तर बारा वर्षांनी माझी झाली’ अशी दुहेरी मांडणी वकील सर्रास करतात आणि दोन्हीकडून जातात.

भाडेकरू या नियमात कधीच बसत नाही, कारण तो मालकाच्या परवानगीने आत आलेला असतो आणि भाडं देत असेतो घरमालकाची मालकी नाकारायची मुभा त्याला नाही. बारा काय, चाळीस वर्षं राहिला तरी तो भाडेकरूच. (घरमालकाने एक जपावं: भाडेपट्टा संपल्यावर ताबा परत मागायलाही बाराच वर्षांची मुदत आहे.) राखणदार, घर सांभाळायला ठेवलेला नातेवाईक, साठेखतावर ताबा घेतलेला खरीददार यांचंही तेच, परवानगीचा ताबा कितीही जुना झाला तरी मालकीत मुरत नाही. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या संग्रहालयातून साताऱ्याला आलेली वाघनखं तीन वर्षांच्या कराराने आलीत. ती इथल्या काचेच्या पेटीत असली म्हणून त्यांच्या मालकीत तसूभर फरक पडत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सहहिस्सेदार. भाऊ गावी राहून जमीन कसतो, बहिणी मुंबई-पुण्याला. सातबाऱ्यावर पीक भावाच्या नावाने लागतं, सोसायटीचं कर्ज त्याच्या नावावर. एवढ्यावरून बहिणींचा हिस्सा बुडत नाही. एका वारसाचा ताबा हा सगळ्यांच्या वतीने असतो. त्याने बहिणींचा हक्क उघडपणे नाकारला आणि त्यांना ते कळलं, तरच घड्याळ चालू होतं; तिथून बारा वर्षं त्या गप्प बसल्या, तरच हक्क जातो. गावागावांत ‘आता काय, बारा वर्षं उलटली’ असं सांगून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात. ही म्हण सर्वांत जास्त नुकसान करते ते इथे, आणि तिच्याविरुद्ध संतापणारे नेमकं याबद्दल अवाक्षर काढत नाहीत.

विरोधकांचं बळ मात्र कमी लेखू नये. २००८ साली सर्वोच्च न्यायालयानेच प्रतिकूल ताब्याचा कायदा तर्कहीन, असंबद्ध आणि पूर्णपणे विषम असल्याचं म्हटलं आणि सरकारने त्याचा नव्याने विचार करावा अशी शिफारस केली. अतिक्रमण करणाऱ्याला बक्षीस, बेसावध मालकाला शिक्षा, हा आक्षेप भावनिक म्हणून उडवून लावण्यासारखा नाही. त्यातून सरकारच हा बचाव घेऊ लागलं तेव्हा हद्द झाली: रस्त्यासाठी जमीन घ्यायची, मोबदला द्यायचा नाही आणि पुढे म्हणायचं की इतकी वर्षं आमच्या ताब्यात आहे. हिमाचल प्रदेशातल्या एका वृद्ध महिलेच्या प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट नाकारलं. आणि मुंबईचा इतिहास तर विरोधकांचा हुकमी पत्ता. १९४७ च्या भाडेकायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधली, आणि १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर राहणाऱ्यांना एका फटक्यात संरक्षित भाडेकरू केलं. त्यानंतर शहाण्या माणसाने जागा भाड्याने देणं सोडलं. कुलपं लागली, पागडी चालू राहिली, दुरुस्तीअभावी चाळींच्या भिंती फुगल्या. ताबेदाराला फार दिलं की पुढच्या ताबेदाराला दारच उघडत नाही, हे मान्यच करायला हवं.

पण हे उदाहरण नीट वाचलं तर ते बारा वर्षांच्या नियमाविरुद्ध जात नाही. मुंबईतल्या कुलपांना विधिमंडळाची दुरुस्ती कारण होती आणि त्यावर उताराही विधिमंडळानेच दिला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली की मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो, आणि जागा न सोडणाऱ्यावर लायसन्स शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई बसते. अट एकच, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. इथेच लोक फसतात. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हा समज नोंदणी कायद्यातल्या वर्षाच्या मर्यादेवरून आलाय. महाराष्ट्रात कलम ५५ खाली मुदत कितीही असली तरी नोंदणी सक्तीची आहे आणि ती करून घ्यायची जबाबदारी घरमालकाची. नाही केली आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत करारातल्या अटींबाबत भाडेकरू सांगेल तेच ग्राह्य धरतात. हजारभर रुपये वाचवायला नोंदणी टाळायची आणि नंतर कायदा ताबेदारांचा आहे म्हणून कपाळाला हात लावायचा, याला काय म्हणावं?

मूळ मुद्दा याहून खोल आहे. आपल्या देशात मालकीची हमी कुणीही देत नाही. १९०८ चा नोंदणी कायदा दस्त नोंदवतो, हक्क नोंदवत नाही. विकणाऱ्याकडे विकायला काही होतं का, हे बघणं दुय्यम निबंधकाचं काम नाही. सातबारा हा महसुली अभिलेख. त्यातली नोंद खरी धरली जाते ती उलट सिद्ध होईपर्यंतच, आणि फेरफाराने मालकी मिळत नाही हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितलंय. अशा कागदांच्या देशात लाखो लोकांकडे दाखवायला वहिवाटीशिवाय आहे काय? गावठाणात सातबारा नसतो. तिथली घरं पिढ्यान्‌पिढ्या नुसत्या राहण्याने त्या त्या घराण्याची झाली. एप्रिल २०२० मध्ये स्वामित्व योजना सुरू झाली, ड्रोनने गावठाणं मोजायला घेतली आणि सनदा वाटल्या. त्या मोजणीत कुणाची भिंत कुठवर आहे, म्हणजे ताबाच, आधाराला घ्यावा लागला. तोंडी वाटपाने मिळालेले वाटे, तुकडेबंदीमुळे खरेदीखत होऊ शकलं नाही म्हणून स्टॅम्प पेपरवर घेतलेले दोन-दोन गुंठे, मूळ मालक वारस न लावता गेलेल्या जमिनी: या सगळ्यांत विक्री सदोष असते पण घर उभं असतं. पूर्ण किंमत देऊन सदोष खरेदीवर ताबा घेतलेल्या माणसाला पंचवीस वर्षांनी विकणाऱ्याचा नातू कोर्टात खेचतो, तेव्हा त्याला तारणारा शेवटचा आधार म्हणजे अनुच्छेद ६५. नियम रद्द करा म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर भूखंडमाफिया असतो. माफियाला बारा वर्षं थांबायला वेळ कुठे असतो? तो खोटं कुलमुखत्यारपत्र करून आठवड्यात विकून मोकळा होतो.

इंग्लंडनेही नियम बदलला, मग आपण का नाही? बदलला हे खरं, पण कशाच्या जोरावर ते बघावं. बर्कशायरमध्ये एका शेतकऱ्याचा चराईचा करार १९८३ च्या अखेरीस संपला, तो पुढेही शेत वापरत राहिला, मालक कंपनी गप्प बसली. २००२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, जमीन शेतकऱ्याची ठरवली. यावर मोठा गहजब झाला. त्याच वर्षीच्या नव्या नोंदणी कायद्याने व्यवस्था अशी केली: दहा वर्षं ताबा असलेल्याने अर्ज करायचा, सरकारने नोंदलेल्या मालकाला नोटीस पाठवायची, मालकाने हरकत घेतली तर काही मोजके अपवाद वगळता अर्ज फेटाळायचा आणि ताबेदाराला काढायला त्याला आणखी दोन वर्षं द्यायची. उत्तम व्यवस्था आहे. पण नोटीस पाठवायला ‘नोंदलेला मालक’ असावा लागतो आणि त्या नोंदीमागे सरकारची हमी लागते. आपल्या सातबाऱ्यावर वारलेल्या पणजोबांचं नाव अजून असतं. नोटीस कुठे पाठवणार? आंध्र प्रदेशने हमीच्या मालकीचा कायदा करून पाहिला, तो २०२३ च्या अखेरीस अमलात आला, निवडणुकीत पेटला आणि २०२४ मध्ये नव्या सरकारने रद्द केला. लोकांना भीती ही की सरकारी रजिस्टरात एकदा चुकलं की दाद मागायला जागा उरणार नाही. ती भीती खरी की खोटी, हा वेगळ्या लेखाचा विषय. आधी रजिस्टर, मग ताब्याच्या नियमाची छाटणी, हा क्रम उलटा करता येत नाही एवढं मात्र पक्कं. २२ व्या विधी आयोगानेही मे २०२३ च्या २८० व्या अहवालात या तरतुदी बदलायचं कारण नाही असाच निष्कर्ष काढला.

आणि ताब्याला हक्काचं रूप देण्यातून या राज्यात काय घडलं हे विसरून कसं चालेल? कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ रोजी, कृषक दिनी, कसणाऱ्या कुळाला जमिनीचा खरीददार मानलं. किंमत कलम ३२-ग च्या चौकशीत ठरे, साध्या कुळाला आकाराच्या (जमिनीच्या साऱ्याच्या) २० ते २०० पट, आणि ती हप्त्याने भरली की ३२-म चं खरेदीचं प्रमाणपत्र. कुळाकडे खरेदीखत नव्हतं, होता तो फक्त ताबा आणि खंडाच्या पावत्या. पावत्या तरी कितीजणांना मिळाल्या होत्या? म्हणूनच पीकपाहणीतल्या एका नावावरून पिढ्यांची भांडणं झाली, आणि ज्यांचं नाव तलाठ्याने लावलंच नाही त्यांची जमीन गेली. वनहक्क कायदा २००६ मध्येही पाया ताब्याचाच, १३ डिसेंबर २००५ रोजी जमीन ताब्यात असल्याचा. आणि पुरावा म्हणून नियमांनी गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाब, जुनी विहीर, बांध, दफनभूमी यांनाही स्थान दिलं, कारण गडचिरोली-नंदुरबारच्या पाड्यांवर याहून जास्त कागद असणारच नव्हता. ‘ताब्याला किंमत देऊ नका’ हे वाक्य फ्लॅटमालकाच्या तोंडी सयुक्तिक वाटतं. तेच वाक्य धडगावात उच्चारून बघावं.

तरी घरमालकाचं दुःख शिल्लक राहतंच. ते का, हे आकड्यात मांडू. समजा नातेवाईकाला घर सांभाळायला ठेवलं आणि तो निघेना. बाजारभावाने भाडं महिना २०,००० रुपये. दावा आणि अपील मिळून नऊ वर्षं गेली, तर १०८ महिन्यांचे २१ लाख ६० हजार रुपये त्याने वाचवले. वकिलाला चार लाख दिले तरी सतरा लाखांवर फायदा, आणि शेवटी हरला तर जागा सोडायची, इतकंच. मधल्या काळाच्या उत्पन्नाची भरपाई कायद्यात आहे, पण ती बहुधा निकालानंतर वेगळी चौकशी होऊन ठरते, दाव्यापूर्वीचं तर तीन वर्षांपलीकडचं मिळत नाही, आणि तोपर्यंत दमलेला मालक ‘घर मिळालं, पुष्कळ झालं’ म्हणून सोडून देतो. खोटी बाजू लढवणं हा ज्याच्यासाठी फायद्याचा व्यवहार आहे, तो ती का लढवणार नाही? अनुच्छेद ६५ उद्या रद्द केला तरी यातला एक रुपया बदलत नाही, कारण या नातेवाईकाने प्रतिकूल ताब्याचा दावा केलेलाच नाही. तो फक्त तारखा घेतोय.

२०१२ साली गोव्यातल्या एका घराच्या वादात, जिथे बहिणीने घर सांभाळायला दिलेला भाऊ निघायला तयार नव्हता, सर्वोच्च न्यायालयाने याच दुखण्यावर बोट ठेवलं. ताब्यावर हक्क सांगणाऱ्याने कैफियतीतच, म्हणजे न्यायालयात दिलेल्या लेखी म्हणण्यातच, सगळं सांगावं: कधी आलो, कुणी आत घेतलं, भाडं किती, कागद कोणते, मोघम कैफियत चालवून घेऊ नये. मनाईहुकूम द्यायचाच तर बाजारभावाने रक्कम भरायला लावूनच द्यावा. २००४ मध्ये अपिलातल्या भाडेकरूलाही स्थगितीच्या बदल्यात बाजारभाव मोजायला लावता येतो असं ठरलेलं होतंच. दिवाणी प्रक्रिया संहितेत मुंबई उच्च न्यायालयाने घातलेला आदेश १५-अ भाडेकरू आणि लायसन्सधारकाकडून दाव्याच्या काळात दरमहा रक्कम भरून घेतो, न भरल्यास बचाव काढून टाकता येतो. हा आदेश मालकीच्या आणि राखणदारांच्या दाव्यांनाही लावावा, रक्कम पहिल्या काही तारखांतच तात्पुरती ठरावी, ती न्यायालयात जमा राहावी आणि जो जिंकेल त्याला व्याजासह मिळावी. गरीब ताबेदाराचं काय, असं विचारलं जाईल. कूळ, वनहक्कदार, गावठाणातला रहिवासी यांना वगळायचं, आणि इतरांसाठी दर ठरवताना जागेची स्थिती बघायची. मागणी करायचीच तर ही करावी; तिला संसदेत जावं लागत नाही, उच्च न्यायालयाला नियम दुरुस्त करायचे अधिकार आहेत.

तोवर ज्याची जागा लांब आहे त्याने नोटिशींवर विसंबू नये. वकिलामार्फत दर वर्षी नोटीस पाठवली तरी बारा वर्षांचं घड्याळ थांबत नाही. ते थांबतं दावा दाखल केल्याने, प्रत्यक्ष ताबा परत घेतल्याने किंवा मुदतीच्या आत समोरच्याने मालकी लेखी मान्य केल्याने. राहायला ठेवलेल्या माणसाशी एक पानाचा नोंदणीकृत करार, भूमी अभिलेखकडून मोजणी करून हद्दीचे दगड, ई-पीक पाहणीत कुणाचं नाव लागतंय ते दर हंगामात ऑनलाइन बघणं, आणि अचानक हुसकावलं गेल्यास सहा महिन्यांच्या आत कलम ६ चा दावा. सातवा महिना लागला की ही झटपट वाट बंद होते, आणि हीच जमीन परत मिळवायच्या दाव्यात मालकीचा प्रश्नही उभा राहू शकतो.